अनुभव धागा: शहरातली भाड्याची छोटी इमारत विकत घेताना आणि सांभाळताना

चार-सहा बिऱ्हाडांची छोटी इमारत विकत घ्यावी आणि निवृत्तीनंतर तिच्या भाड्यावर निर्धास्त राहावे, असा विचार करणारी बरीच मंडळी मला भेटतात. विकणारा आणि दलाल त्यांना भाड्याचा आकडा सांगतात, खर्चाचा मात्र कोणी सांगत नाही. म्हणून ज्यांनी अशी इमारत घेतली आहे, वारशाने मिळवली आहे किंवा घेता घेता सोडून दिली आहे, त्यांनी आपले अनुभव शक्यतो आकड्यांसह लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करतो.

धनकवडी, पुणे (धागाकर्ता)

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो. कर्जाच्या कागदपत्रांत सगळी नोकरी गेल्यामुळे इमारत पाहण्याआधी मी कागद पाहिले. धनकवडीच्या आसपास दोन-दोन गुंठ्यांवर उभ्या असलेल्या अनेक इमारतींचे व्यवहार गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीशिवाय जमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांचे तुकडे पाडून केलेले, आहेत. सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावे सामाईकात असतात, बांधकामाचा मंजूर नकाशा नसतो आणि विक्रेता घरपट्टीची पावती पुढे करून 'सगळे नियमित आहे' असे सांगतो. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम अधिकृत ठरत नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा 2001 चा कायदा आहे आणि 2021 मधल्या दुरुस्तीने त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली; पण नियमितीकरणाचे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत बहुतेक बँका अशा मिळकतीवर कर्ज देत नाहीत, आणि ज्यावर आज आपल्याला कर्ज मिळत नाही त्यावर उद्या आपल्या गिऱ्हाइकालाही मिळणार नाही. या कारणाने मी दोन इमारती सोडल्या. तिसरी, सहा बिऱ्हाडांची, 2013 मध्ये 78 लाखांना घेतली.

पहिल्या वर्षाचा हिशोब जसा वहीत आहे तसा देतो. प्रत्येकी 5,500 रुपये भाड्याप्रमाणे वर्षाला 3,96,000 यायला हवे होते. भाडेकरू बदलताना जागा रिकाम्या राहिल्या त्यात 33,000 गेले. घरपट्टी 28,000 आली. पुणे महापालिकेची 40 टक्क्यांची सवलत स्वतः राहणाऱ्याला मिळते, भाड्याने दिलेल्या घराला नाही, हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते. पंप, जिन्यातले दिवे आणि सफाई यांत 36,000 आणि दुरुस्तीत 61,000 गेले. हातात 2,38,000 उरले, म्हणजे गुंतवणुकीवर जेमतेम तीन टक्के, आणि त्या काळात बँकेच्या ठेवीवर नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते. आज भाडी 9,500 झाली आहेत आणि जागेची किंमतही वाढली आहे, त्यामुळे व्यवहाराचा मला पश्चात्ताप नाही. पण पहिली पाच वर्षे या उत्पन्नावर घर चालवायचे ठरवले असते, तर ते जमले नसते.

कराराबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद निर्माण झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. नोंदणी असेल तर मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. ओळखीतला मुलगा आहे म्हणून मी एकदा नोंदणी टाळली, आणि ती खोली परत मिळायला मला चौदा महिने लागले.

लातूर

दादा, तुमचा हिशोब वाचून माझी वही काढली. वडिलांनी घरामागे सहा खोल्या बांधल्या त्या मुळात आम्हा बहिणींच्या लग्नाची तजवीज म्हणून. लातुरात बारावी आणि नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी बाहेरगावच्या मुली मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे जून-जुलैत खोली रिकामी राहत नाही. पण मे महिन्यात परीक्षा झाली की सगळ्या एकदम जातात. बारा महिन्यांचे भाडे धरणाऱ्याचे गणित इथे चुकते, दहाच महिने धरावेत.

मला सांगायचे आहे ते पाण्याबद्दल. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते सर्वांनी वाचले असेल. आमची बोअर त्याआधीच, फेब्रुवारीत, आटली होती. बारा मुली होत्या, परीक्षा तोंडावर होती, आणि त्यांना परत पाठवणे मनाला पटत नव्हते. टँकर आला की आई अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि प्रत्येकीला दोन बादल्या आणि एक कळशी असे मोजून द्यायची. धुण्याचे पाणी मोरीतून पिंपात साठवून शौचालयाला वापरायचे. त्या तीन महिन्यांत टँकरवर जेवढे गेले तेवढे भाडे आले नाही. मात्र बारापैकी एकही मुलगी मध्येच गेली नाही, आणि त्यांच्यातल्या दोघींच्या धाकट्या बहिणी पुढे आमच्याकडेच राहिल्या. वरती मजला चढवण्यासाठी साठवलेल्या पैशांतून आम्ही गच्चीचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय आणि वीस हजार लिटरची टाकी केली. भाडे वाढले नाही, पण खर्च आटोक्यात आला.

विजेचे एक सांगते. पूर्वी सहाही खोल्या एकाच मीटरवर होत्या. युनिटचा दर वापराच्या टप्प्यांप्रमाणे चढत जातो, त्यामुळे सगळ्यांचा वापर एकत्र होऊन आम्ही दर महिन्याला वरच्या टप्प्यात जायचो आणि मुलींना वाटायचे की काकू जास्त लावतात. प्रत्येक खोलीला महावितरणचा स्वतंत्र मीटर घेतल्यावर ती कटकट कायमची मिटली.

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स (अमेरिका)

मी मूळचा सांगलीचा. इथे ज्याला 'ट्रिपल डेकर' म्हणतात ती लाकडी तीन मजली घरे, एकावर एक तीन बिऱ्हाडे आणि मागच्या बाजूला एकावर एक तीन सज्जे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या काही दशकांत गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांसाठी उभी राहिली. आमच्या आजोळच्या चाळीची गॅलरी आठवली म्हणूनच मी पहिल्यांदा आत पाऊल टाकले, हे कबूल करतो. 2017 मध्ये असे एक घर घेतले, तळमजल्यावर आम्ही राहिलो आणि वरचे दोन मजले भाड्याने दिले.

एफएचए या सरकारी हमीच्या कर्जात चार बिऱ्हाडांपर्यंतचे घर केवळ साडेतीन टक्के रक्कम भरून घेता येते, मात्र स्वतः किमान एक वर्ष तिथे राहावे लागते, आणि तीन किंवा चार बिऱ्हाडे असतील तर अपेक्षित भाड्याच्या 75 टक्क्यांत कर्जाचा हप्ता, कर आणि विमा बसतो का, हे पाहिले जाते. ही चाचणी मला सुरुवातीला जाचक वाटली. आता वाटते की उरलेले 25 टक्के म्हणजेच धनकवडीच्या काकांनी वर मांडलेला रिकामा महिना आणि दुरुस्ती.

घर पाहायला आलेल्या तपासनिसाने मागच्या सज्जाच्या खांबाला, नुकत्याच दिलेल्या पांढऱ्या रंगावर, साधा स्क्रू-ड्रायव्हर टेकवून हलकेच दाबला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. खांब आतून पूर्ण कुजला होता. तिन्ही सज्जे नव्याने बांधायचे पैसे आम्ही किमतीतून कमी करून घेतले. ती तपासणी वगळली असती तर पहिल्या दोन वर्षांचे सगळे भाडे तिथे गेले असते.

कायद्याच्या दोन गोष्टी इथे अतिशय कडक आहेत. अनामत एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती वेगळ्या, व्याज देणाऱ्या खात्यात ठेवून भाडेकरूला पावती द्यावी लागते. यात कसूर केली तर न्यायालय तिप्पट रक्कम द्यायला लावू शकते. दुसरी गोष्ट शिसे हा विषारी धातू मिसळलेल्या जुन्या रंगाची. 1978 पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचे मूल राहणार असेल, तर शिशाचा धोका दूर करणे मालकावर बंधनकारक आहे, आणि तो खर्च टाळण्यासाठी मुले असलेल्या कुटुंबाला नकार देणे हा भेदभाव ठरतो. आम्ही घर रिकामे असतानाच ते काम करून घेतले. वरच्या मजल्यावर जे जोडपे आले त्यांची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती. ते सात वर्षे राहिले.

गिरगाव, मुंबई

माझा अनुभव विकत घेण्याचा नाही, वारशाचा आहे, पण 'भाडेकरूंसह इमारत स्वस्तात' अशी जाहिरात पाहणाऱ्यांनी तो वाचावा. आमच्या दुमजली इमारतीत अकरा पागडीचे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने कायम राहणारे, भाडेकरू आहेत. एकाचे भाडे 285 रुपये आहे. कायद्याप्रमाणे वर्षाला चार टक्के वाढ करता येते, म्हणजे 11 रुपये 40 पैसे. जागा हस्तांतरित होते तेव्हा रकमेचा ठरावीक हिस्सा, बहुधा एक तृतीयांश, मालकाला मिळण्याची रीत आहे, पण दहा वर्षांत असे हस्तांतरण दोनदाच झाले. पुनर्विकास होईल तेव्हा प्रत्येक भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचे घर द्यावे लागेल आणि ते योग्यच आहे. त्यांच्या तीन पिढ्या इथे गेल्या आहेत. तोपर्यंत मी या इमारतीकडे उत्पन्न म्हणून पाहत नाही. जिन्याची लाकडे दर पावसाळ्याआधी बदलून घेतो, ते भाड्यातून नाही, माझ्या पगारातून.

नागपूर

मी सनदी लेखापाल आहे, म्हणून करापुरते थोडक्यात लिहिते. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून जे उरते त्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्ष दुरुस्ती कमी झालेली असो वा जास्त. त्यामुळे जुन्या, सतत दुरुस्ती मागणाऱ्या इमारतीचा कर तिच्या खऱ्या उत्पन्नापेक्षा जास्त वाटतो. कर्जाचे व्याज भाड्यापेक्षा जास्त झाले, तर जुन्या करप्रणालीत दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा होतो, नव्या प्रणालीत होत नाही. हे पाहिल्याशिवाय हप्ता ठरवू नये.

धनकवडी, पुणे (धागाकर्ता)

लातूरच्या ताईंनी पाण्याचे लिहिले, त्यावरून एक भर घालतो. माझ्या 61,000 च्या दुरुस्तीतले निम्म्याहून जास्त पैसे गच्चीवर गेले, कारण मी इमारत मार्चमध्ये पाहिली होती आणि वरच्या मजल्याच्या छताला तेव्हा ताजी रंगसफेदी होती. माझा पुतण्या सध्या हडपसरला पाच बिऱ्हाडांची इमारत पाहत आहे. गच्चीवरची पन्हाळी बंद करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायला विक्रेत्याने परवानगी दिली आहे. रविवारी सकाळी आम्ही दोघे वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंकडे छत पाहायला जाणार आहोत. त्या बाईंनी फोनवर आपणहून सांगितले की कपाटामागची भिंतही बघा, कपाट आम्ही सरकवून ठेवतो.