महिला व्यावसायिक गोल्फ: स्कोअर नेमका कोणत्या फटक्यावर ठरतो?

प्रश्न (फोंडा)
माझी पुतणी काणकोणला राजबागच्या नऊ होलच्या मैदानावर गोल्फ शिकते. तिचे वडील लांब ड्राइव्हचा (होलच्या सुरुवातीच्या दूरच्या फटक्याचा) आग्रह धरतात, तर भारतीय गोल्फपटू अदिती अशोकला आदर्श मानणारी ती स्वतः तासन्‌तास पटिंगच (छिद्राभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर, चेंडू छिद्राकडे घरंगळवणे) करत असते. महिला व्यावसायिकांच्या स्कोअरवर सर्वाधिक परिणाम कोणत्या कौशल्याचा होतो, आणि फेरीतील एकूण पट (पटिंगचे फटके) हा खरा निकष मानावा का?

उत्तर (म्हापसा)
नुसत्या पटांच्या संख्येवर विसंबू नये. समजा, पार (अपेक्षित फटक्यांची संख्या) ७२ असलेल्या मैदानावर एका खेळाडूने अठराही ग्रीन नियमित फटक्यांत (पारसाठी दोन पट शिल्लक ठेवून) गाठले आणि प्रत्येकी दोन पट घेतले, तर तिचे पट ३६ आणि स्कोअर ७२ होतो. दुसरीचे सहा ग्रीन हुकले, पण दर वेळी चिप (ग्रीनबाहेरून मारलेला छोटा फटका) छिद्राजवळ टाकून तिने एकाच पटात पार वाचवला, तर तिचे पट ३० होतात आणि स्कोअर मात्र तोच ७२ राहतो. पट कमी असूनही दुसरीचे पटिंग सरस ठरत नाही. श्रेय तिच्या चिपचे आहे. म्हणूनच 'स्ट्रोक्स गेन्ड' ही पद्धत प्रत्येक फटका कुठून मारला हे पाहते. एखाद्या ठिकाणाहून चेंडू छिद्रात घालायला सरासरी ३ फटके लागत असतील आणि तिच्या फटक्यानंतर सरासरी १.६ उरत असतील, तर त्या एका फटक्यात १.४ फटक्यांचे काम झाले, म्हणजे तिने ०.४ कमावले. गोल्फच्या आकडेवारीचे अभ्यासक मार्क ब्रॉडी यांनी पुरुषांच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत याच पद्धतीने दाखवले की उत्तम खेळाडूंची आघाडी पटिंगपेक्षा ग्रीनकडे मारलेल्या लांब फटक्यांतून अधिक येते.

उत्तर (डिचोली)
हे मान्य आहे, तरी अदितीचे उदाहरण बाजूला सारता येणार नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ड्राइव्हची लांबी कमी असूनही ती पारपेक्षा १५ फटके कमी घेऊन चौथी आली आणि तिचे पदक एका फटक्याने हुकले. ड्राइव्ह आखूड पडला की ग्रीनसाठी हायब्रिड किंवा वुड (लांब अंतरासाठीचे क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या) घ्यावा लागतो, आणि त्या क्लबने मारलेला चेंडू आखूड आयर्नच्या (कमी अंतरासाठीच्या क्लबच्या) चेंडूसारखा ग्रीनवर चटकन थांबत नाही. ही उणीव तिने असामान्य पटिंगने भरून काढली, पण ते दर आठवड्याला साधणे फार कठीण आहे.

उत्तर (काणकोण)
पावसाळ्यात आपल्याकडे ओल्या जमिनीवर चेंडू घरंगळत नाही, त्यामुळे हवेतील अंतर अधिक मोलाचे ठरते. मुलीने प्रत्येक होलवर ग्रीनकडे फटका मारताना उरलेले अंतर आणि पहिल्या पटचे अंतर या दोनच गोष्टी वहीत टिपाव्यात. कुठे फटके वाया जातात, हे वडिलांनाही त्यातून दिसेल.