मनगटातल्या स्कॅफॉइड हाडाबद्दल थोडं
मनगटात ८ हाडं चार-चारच्या दोन ओळींत असतात. त्यातल्या स्कॅफॉइडबद्दल मात्र आणखी सांगायला हवं. अंगठ्याच्या बाजूचं हे हाड दोन्ही ओळींना जोडून धरतं आणि हात टेकून पडल्यावर आठांपैकी सर्वात जास्त वेळा तेच मोडतं. त्याचा बहुतेक रक्तपुरवठा बोटांकडच्या भागातून शिरून उलटा कोपराच्या दिशेने येतो. म्हणून मधोमध मोडलं की कोपराकडच्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो, कधी तो मरतोही. पहिल्या एक्स-रेत हे फ्रॅक्चर अनेकदा दिसतच नाही! अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी खळगा पडतो. तिथे दाबून दुखत असेल तर कृपया मुरगळ समजून सोडू नका. स्प्लिंट (हात हलू न देणारा आधार) बांधून १०-१४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, किंवा लगेच एमआरआय.