कन्व्हर्टर बदलण्याआधी थर्मोस्टॅट बघा

तुमच्या २००८ च्या पेट्रोल गाडीच्या पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.८ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) ३०० पीपीएम आलंय, आणि वर थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सर पाइपमधला, धूर स्वच्छ करणारा भाग) बदलायचा सल्ला मिळालाय. कृपा करून एवढा खर्च इतक्यात करू नका.

बीएस-३ (प्रदूषणाचं सरकारी मानक) गाडीला सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएमपर्यंत चालतं. म्हणजे एचसीत तुम्ही पास आहात, प्लग-कॉइलच्या मागे लागायला नको. सीओ एकटाच चढलाय, म्हणजे बहुधा पेट्रोल जास्त जातंय.

आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, जागेवर आहे का तेच बघा. आपल्याकडे 'गाडी तापते' म्हटलं की बरेच मेकॅनिक तो काढूनच टाकतात, आणि याची मला खरंच चीड येते. मग इंजिन पुरेसं तापत नाही, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) गाडी थंडच वाटते आणि तो पेट्रोल वाढवून देत राहतो. हायवेला तापमानाचा काटा खाली येत असेल तर हेच समजा.

ते ठीक असेल तर स्कॅनर लावा. इंजिन गरम असताना पुढच्या (कन्व्हर्टरच्या आधीच्या) ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली व्हायला हवं. खालीच अडकलं असेल तर सेन्सर गेलाय, किंवा त्याच्या आधी सायलेन्सर पाइप लीक आहे, आणि ईसीयू पेट्रोल कमी पडतंय समजून वाढवतोय. ०.९ ला चिकटलं असेल तर सेन्सर खरं सांगतोय, पेट्रोल खरंच जास्त जातंय. इंजेक्टर आणि फ्युएल प्रेशर तपासून घ्या. एअर फिल्टरही बघून टाका.

हे न करता नवा कन्व्हर्टर बसवलात तर जास्तीच्या पेट्रोलने तोही जळेल.