नाताळचा फ्रूट केक : घरच्या तोडीचा विकत कुठे मिळाला? अनुभव सांगा

मालाडला ओर्लेममध्ये गेली 28 वर्षं आमच्या शेजारी एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक समाजातल्या, आंटी राहतात. दर 24 डिसेंबरला संध्याकाळी त्यांच्याकडून झाकलेलं ताट येतं. त्यात कुलकुल (पिठाचे तळलेले गोड शंख), करंज्या आणि बटर पेपरमध्ये गुंडाळलेला काळाभोर फ्रूट केक. त्या केकची तयारी पावसाळ्यातच सुरू व्हायची. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, संत्र्याची साल, सगळं बारीक चिरून रममध्ये. बरणी चिनी मातीची, कपाटावर ठेवलेली. आठवड्यातून एकदा आंटी ती खाली काढून ढवळायच्या आणि मला हाक मारून वास घ्यायला लावायच्या.

यंदा जुलैमध्ये त्यांचं मनगट मोडलं, बरणी भरलीच गेली नाही. म्हणून या वर्षी ताट आमच्याकडून जाणार. कुलकुल मी करीन, केकचं धाडस होत नाही. तीन ठिकाणचे आणून पाहिले. दोन तर साधे स्पंज केक, आत टूटीफ्रूटी. टूटीफ्रूटी म्हणजे पाकात मुरवलेली कच्ची पपई, तिला मनुकांची चव कुठून येणार? तिसऱ्यात रमचा इसेन्स इतका की घसा चरचरला. तुम्ही विकतचा चांगला केक खाल्ला असेल तर कुठला, कधी घ्यायचा, कसा ठेवायचा, सगळं सविस्तर लिहा.

माहेर वसई

ताई, वाचून आईची आठवण आली. आमच्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता. केकचं मिश्रण डब्यांत भरून आम्ही गावातल्या पाववाल्याच्या बेकरीत न्यायचो. पाव भाजून झाले आणि भट्टीची धग उतरली की मग केकचे डबे आत जायचे. डबे सगळ्यांचे सारखेच, म्हणून आईने आमच्या डब्यांच्या पत्र्यावर खिळ्याने नाव कोरलं होतं. तो डबा अजून माझ्याकडे आहे.

हे एवढ्यासाठी सांगते की फळांनी जड झालेला केक मंद धगीवर दोन-अडीच तास भाजावा लागतो. घाई केली तर कडा करपतात आणि मधे कच्चा राहतो. दुकानांचं बहुतेक इथेच चुकतं. आता मीही विकतच घेते, पण नोव्हेंबरात ऑर्डर देताना दोनच प्रश्न विचारते : फळं कधी भिजवली? आणि रंगाला साखर जाळता की नुसता कोको घालता? पहिल्यावर महिना सांगितला तर पैसे देते. "एकदम ताजी आहेत" म्हणाले तर निघून येते. आमच्याकडे वसईत घरून ऑर्डर घेणाऱ्या पुष्कळ बायका आहेत. मी घेते त्या बाईंचा नंबर तुम्हाला वेगळा कळवते.

पुणे

बंद पाकिटातला घ्यायचा असेल तर मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. साखर आणि मैदा आधी, फळं चौथी-पाचवी, असं दिसलं की पाकीट खाली ठेवा. शिवाय हातात घेऊन बघा. चांगला फ्रूट केक आकाराच्या मानाने जड लागतो.

कोलकाता, बदलीवर सहा वर्षं

माझ्यासाठी हा शोध न्यू मार्केटमध्ये संपला. नाहूम अँड सन्स, बगदादी ज्यू कुटुंबाचं दुकान, 1902 पासूनचं. जुनी लाकडी काचेची कपाटं आणि डिसेंबरात बाहेरपर्यंत रांग. रिच फ्रूट केक मागायचा. पहिल्या वर्षी मी पाऊण तास उभा राहिलो. घरी येऊन सुरी घातली तर चुरा पडला नाही, काप सबंध निघाला आणि सुरीला फळांचा चिकट थर लागला. घरच्या केकची खूण माझ्या मते हीच. तेव्हापासून दरवर्षी मुंबईला येताना दोन घेऊन येतो.

कोची

इकडे प्लम केक, म्हणजे हाच फ्रूट केक, हा रोजच्या बेकरीचा माल, त्यामुळे हात बसलेला आहे. 1883 मध्ये तलश्शेरीच्या मांबळ्ळी बापूंनी मर्डोक ब्राऊन नावाच्या मळेवाल्यासाठी नाताळचा केक करून दिला, ती गोष्ट इथे अभिमानाने सांगतात. इंग्लंडहून आलेला नमुना चाखून त्यांनी तो इथल्या सामानात जमवला. आणि "प्लम कुठे आहे यात?" असं मुलं विचारतात म्हणून सांगते, जुन्या इंग्रजीत मनुकांनाही प्लम म्हणत. इथल्या केकला जाळलेल्या साखरेचा किंचित कडवटपणा असतो. तो मला फार आवडतो, नुसत्या गोडाने तोंडाला लवकर मिठी बसते.

लीड्स, यॉर्कशर

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी सुपरमार्केटचा साधाच केक आणते, पण ऑक्टोबरअखेर, आणि वर आयसिंग नसलेला. घरी विणकामाच्या बारीक सुईने वरून भोकं पाडायची, दोन चमचे ब्रँडी सोडायची, बटर पेपर, मग फॉइल, मग घट्ट डबा. दर रविवारी पुन्हा दोन चमचे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत तोच केक ओळखू येत नाही, आत गडद आणि मऊ होतो. शेवटचा आठवडा काही घालायचं नाही, नाहीतर दारूचाच वास पुढे येतो. इथे तो वेन्सलीडेल चीजच्या तुकड्याबरोबर खातात. मला आधी विचित्र वाटलं होतं, आता त्याशिवाय खात नाही.

डॅलस

जवळच कॉर्सिकानाला कॉलिन स्ट्रीट बेकरी आहे, 1896 ची. पिकॅन (अक्रोडासारखा सुका मेवा) भरपूर, डबा सुंदर. पण मला तो फार गोड लागतो. घरच्यासारखा नाही म्हणणार.

मडगाव

आमच्या घरी नाताळाला मान बेबिंक आणि दोदोल या नारळाच्या गोड पदार्थांचा. ती दोन्ही चांगली विकत मिळतात. केकसाठी मात्र मीही हा धागा वाचतेय.

ठाणे

सासूबाईंना अंडं आणि दारू दोन्ही चालत नाही. फळं संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवून अंड्याशिवाय केक करून देणारी एक मुलगी मिळाली. चव छान, पण तीन-चार दिवसांत संपवा, तो मुरत ठेवायचा केक नाही.

पुन्हा ओर्लेमहून, 25 डिसेंबर

सगळ्यांचे मनापासून आभार. वसईच्या ताईंनी कळवलेल्या नंबरवर 20 नोव्हेंबरला ऑर्डर दिली. फळं ऑगस्टमध्ये भिजवलेली होती. केक आल्यावर लीड्सच्या पद्धतीने दोन रविवार रम पाजली.

काल संध्याकाळी ताट घेऊन गेले. आंटींनी डाव्या हाताने तुकडा तोडला, बोटांत दाबून पाहिला, मग डोळे मिटून खाल्ला. म्हणाल्या, "साखर बरोबर जाळलीय. संत्र्याची साल मात्र विकतची आहे गं." दुसरा तुकडा घेतला. तिसरा मिडनाइट मासहून आल्यावर खायला झाकून ठेवला. आणि मी निघताना त्या बाईंचा नंबर मागितला. मनगट प्लॅस्टरमधून निघालंय, पण लिहायला अजून जमत नाही, म्हणून मीच त्यांच्या कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दिला.