अतिवेगवान गाडीत एकटीने प्रवास : पहिल्या वर्गाचे तिकीट कुठे घ्यावे?

खिडकीजवळची (प्रश्न)

येत्या हिवाळ्यात मी दोन मोठे रेल्वेप्रवास एकटीने करणार आहे. पहिला पॅरिसहून मार्सेयला टीजीव्ही या फ्रान्सच्या अतिवेगवान गाडीने आणि दुसरा टोकियोहून ओसाकाला शिंकानसेन या जपानच्या अतिवेगवान गाडीने. दोन्हीकडे पहिल्या वर्गाचे तिकीट काढणे मला परवडणारे नाही, त्यामुळे एकाच ठिकाणी ही चैन करायची असे ठरवले आहे. ती कुठे करावी, हा माझा प्रश्न आहे. वरच्या वर्गाचा डबा काही आधी पोहोचत नाही, तेव्हा जास्तीच्या पैशांत एकट्या माणसाच्या पदरात नेमके काय पडते, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायला आवडेल.

आजवर मी नेहमी कुणाच्या तरी सोबतीने प्रवास केला आहे. स्वच्छतागृहाकडे जाताना "जरा बॅगेकडे बघ" असे म्हणायला हक्काचे माणूस असायचे. या वेळी ते नसेल. शिवाय गाडीत बसले की अर्ध्या तासात माझे डोळे मिटतात. पहिल्या वर्गात या दोन काळज्या कमी होतात की नुसतीच गादी मऊ मिळते?

रूळकरी

माझ्या मते वर्गाचे नाव बाजूला ठेवून एका ओळीत किती आसने आहेत तेवढे मोजावे, कारण एकट्याने जाणाऱ्याचा निम्मा प्रश्न शेजारी कोण येऊन बसणार हाच असतो. टीजीव्हीच्या दुसऱ्या वर्गात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असतात, तर पहिल्या वर्गात एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एकच. हे एकेरी आसन म्हणजे खिडकीही आपली आणि वाटही आपली. उठताना कुणाची झोप मोडावी लागत नाही आणि कोपर टेकण्यावरून मूक भांडण होत नाही. याउलट टोकियो-ओसाका मार्गावरच्या शिंकानसेनमध्ये साध्या वर्गात तीन-दोन अशी आसने असतात आणि वरच्या वर्गात, म्हणजे ग्रीन कारमध्ये, दोन-दोन. दोन ओळींमधले अंतर १०४ सेंटिमीटरवरून ११६ सेंटिमीटरवर जाते, आसन रुंद होते, डबा शांत असतो, हे सारे खरे. पण शेजारी काही टळत नाही. आपण पैसे फ्रान्समध्ये खर्च करावेत.

नावावर जाऊ नका असे म्हणण्याचे आणखी एक कारण आहे. चीनच्या अतिवेगवान गाड्यांत 'पहिला वर्ग' हा सर्वांत वरचा नसतोच. तिथेही आसने दोन-दोनच असतात आणि एकेरी आसन हवे असेल तर त्याच्याही वरचा बिझनेस वर्ग घ्यावा लागतो. जपानमध्येही टोकियोहून उत्तरेकडे जाणाऱ्या काही गाड्यांना २०११ पासून ग्रानक्लास नावाचा १८ आसनांचा डबा लागतो आणि त्यात एकेरी आसने असतात, पण आपल्या मार्गावर तो नाही.

टीजीव्हीचे आरक्षण करताना एक खबरदारी अवश्य घ्यावी. सगळीच एकेरी आसने सारखी नसतात. काही ठिकाणी दोन एकेरी आसने छोट्या मेजाच्या दोन बाजूंना समोरासमोर असतात, त्यांना 'क्लब द्युओ' म्हणतात. जोडीने जाणाऱ्यांना ती उत्तम. एकट्याला मात्र अनोळखी माणसाच्या गुडघ्यांना गुडघे लावून तीन तास काढावे लागतात, आणि नजर कुठे ठेवावी हेही कळत नाही. आपल्याला 'इझोले' म्हणजे स्वतंत्र एकेरी आसन हवे आहे.

सांजवाट

रूळकरींचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात वेळेचा विचार राहून गेला आहे. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका गाडीच्या पहिल्या वर्गात एकेरी आसनावर बसले होते. रात्रीची शेवटची गाडी होती आणि डब्यात आम्ही मोजून चौघे होतो. मधल्या स्थानकावर दोघे उतरले, तिसऱ्याला गाढ झोप लागली, आणि चौथे गृहस्थ आपली जागा सोडून वाटेपलीकडच्या आसनावर येऊन बसले. वाईट काहीच बोलले नाहीत. फक्त मी कुठे उतरणार, घ्यायला कोण येणार, हे पुन्हापुन्हा विचारत राहिले. मी कोट घातला, पर्स घेतली आणि खानपानाच्या डब्याकडे चालू लागले. वाटेत तिकीट तपासनीस भेटले, त्यांना सांगितल्यावर त्यांनी मला दुसऱ्या वर्गात दोन मुलांच्या आईशेजारी जागा करून दिली. मुले अखंड बडबडत होती आणि मला त्या आवाजाने इतके बरे वाटले की काय सांगू!

रिकामा डबा म्हणजे निवांतपणा, हे प्रत्येक वेळी खरे नसते. कामावर जाणारी माणसे सकाळच्या गाड्यांना अधिक असतात आणि त्या वेळी पहिला वर्गही बऱ्यापैकी भरलेला असतो. दिवसाउजेडीची गाडी घ्या; रात्रीचीच घ्यावी लागली, तर दुसऱ्या वर्गाचा विचार करायला कमीपणा मानू नका.

खिडकीजवळची

दोघांचेही आभार. मार्सेयची सकाळची गाडी आणि एकेरी आसन, इथपर्यंत निर्णय झाला. आता सामान आणि झोप यांबद्दल कुणी सांगेल का?

दोन नंबरचा फलाट

झोपेवरचा सोपा उपाय म्हणजे आपले स्थानकच गाडीचे शेवटचे स्थानक असावे. मार्सेयच्या सेंट-शार्ल स्थानकात संपणारी गाडी निवडलीत, तर झोप लागली तरी पुढे जाण्याची भीती नाही. जपानमध्ये आपल्याला शिन-ओसाका स्थानकावर उतरायचे आहे आणि बऱ्याच गाड्या तिथून पुढे हाकाताकडे जातात. तिथेच संपणारी गाडी मिळाली तर उत्तम. नाहीतर मोबाइलवर गजर लावून दहा मिनिटे आधी उठावे, कारण या गाड्या कुणासाठी खोळंबत नाहीत.

मोठ्या बॅगेची काळजी पहिल्या वर्गानेही मिटत नाही. टीजीव्हीत ती बहुधा दारापाशीच्या फडताळात ठेवावी लागते आणि तिच्यावर नावाची चिठ्ठी असणे बंधनकारक आहे. पासपोर्ट आणि पैसे अंगावरच्या छोट्या पिशवीत ठेवून, बॅगेच्या काळजीतून स्वतःला मोकळे करणे हाच मार्ग. शिंकानसेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरत असेल, तर सामानाच्या जागेसह मिळणारे डब्यातले शेवटच्या ओळीचे आसन आधीच राखून ठेवावे लागते. ते घ्याच, कारण मग बॅग आपल्या पाठीमागेच राहते.

आणि एक गोष्ट, जिच्यात मी स्वतः फसलो आहे. अतिवेगवान गाड्या अनेकदा डब्यांचे दोन स्वतंत्र संच जोडून धावतात आणि पुढे कुठेतरी वेगळ्या होतात. आतून एका संचातून दुसऱ्यात जाता येत नाही. मी धावतपळत समोरच्या दारातून चढलो, माझा डबा शोधत शेवटपर्यंत गेलो, तर पुढे इंजिनाची बंद भिंत! माझे आरक्षित आसन त्या भिंतीपलीकडे रिकामे प्रवास करत होते. पुढच्या स्थानकावर उतरून फलाटावरून पळत जाईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पॅरिसला गाडी सुटण्याच्या दोन मिनिटे आधी दारे बंद होतात, तेव्हा वेळेवर पोहोचा आणि फलाटावरच डब्याचा क्रमांक जुळवा.

रूळकरी

एक राहिलेच. शिंकानसेनच्या साध्या वर्गात 'ई' अक्षराचे आसन मागा. ते दोन आसनांच्या बाजूचे खिडकीचे आसन असते, म्हणजे शेजारी फार तर एकच, आणि टोकियोहून निघाल्यावर सुमारे पाऊण तासाने फुजी पर्वत त्याच बाजूला दिसतो. हिवाळ्यात हवा स्वच्छ असते. गजर त्याच्या आधीचाही लावा.