गिरणेच्या वाळूपासून सोडियम सिलिकेट बनेल का?

अमळनेरकर_भो:
राम राम मंडळी. अमळनेरला धुण्याच्या पावडरचं छोटं युनिट टाकायचं चाललंय, सोडा ॲश, ॲसिड स्लरी (फेस करून मळ काढणारं द्रव्य), मीठ सगळं जमलं पण सिलिकेटपाशी येऊन अडलो. व्यापारी फोनवर विचारतो न्यूट्रल पाहिजे का अल्कलाइन, मी म्हटलं जे स्वस्त असेल ते दे भो, तर हसायलाच लागला. आणि सिलिकेट म्हणजे शेवटी वाळू न सोडाच ना? मग गिरणेची वाळू आणून घरीच का नाही करायचं?

धुळ्याचा_केमिस्ट:
गिरणेच्या वाळूवर आधीच काय कमी लोकांचा डोळा आहे का, त्यात तू अजून एक 😀
पाहिजे ती पांढरी क्वार्ट्झची वाळू. आपला मुलूख काळ्या बसाल्टचा, नदीत बरंचसं त्याचंच चूर्ण वाहून येतं, त्यात लोखंड भरपूर. आणि समजा वाळू मिळाली तरी भट्टी ११०० ते १४०० डिग्रीची लागते, तिथं सोड्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि राहते ती काच. तिची ढेकळं साध्या पाण्यात टाकून बसलास तर बसूनच राहशील, ऑटोक्लेव्हमध्ये प्रेशरची वाफ दिली की मग ती विरघळतात. ड्रममध्ये तुला मिळतं ते हे द्रावण. विकतच घे.

भट्टीवाला_एमआयडीसी:
न्यूट्रल-अल्कलाइन हा रेशोचा खेळ आहे, म्हणजे सोड्यातून आलेल्या एक भाग सोडियम ऑक्साइडला वाळूतली सिलिका किती. ३.२ च्या आसपास असेल तर न्यूट्रल, २ च्या जवळ असेल तर अल्कलाइन. न्यूट्रल लवकर सुकतं म्हणून पुठ्ठ्याच्या नळ्या चिकटवायला चालतं. पावडरला तुला अल्कलाइनच लागेल, मळ सोडवायला तोच अल्कली कामाचा, वर पावडर मोकळी राहते आणि मशीनचा धातू गंजत नाही.
आमच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) पण अल्कलाइनकडचंच. वाळूत तीन ते पाच टक्के मिसळायचं, साचा ठोकायचा, नळीने सीओटू सोडायचा की थोड्या वेळात कडक, कारण आत सिलिका जेल तयार होतं. पण गॅस जास्त सोडला की साचा भुसभुशीत होतो हे नवीन पोरांच्या डोक्यात घालता घालता नाकी नऊ येतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू फोडायचा पण वैताग, म्हणून काही जण काकवी घालतात. खरेदी करताना नुसतं बोमे (द्रावणाच्या घनतेचं माप) विचारू नको, दोन वेगळ्या रेशोचा माल पाणी कमीजास्त करून एकाच बोमेला आणता येतो, टेस्ट रिपोर्टवर रेशो लिहिलेला बघ.

अमळनेरकर_भो:
आता समजलं तो का हसला. ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं पडलंय घरात, त्यात साठवलं तर चालेल ना?

धुळ्याचा_केमिस्ट:
अजिबात नाही! अल्कली ॲल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सुटतो. प्लास्टिकचा किंवा लोखंडी ड्रम घे, झाकण घट्ट लाव नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनेच वर साय धरते. आणि गॉगल घालूनच ओत, डोळ्यात उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टरकडे जा.