अनुभव धागा: जुळ्या घराचा आराखडा, मापं आणि चुकणाऱ्या जागा

एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक, बाकी तीन बाजू मोकळ्या. अशा जुळ्या घराचा आराखडा ज्यांनी आखला, बांधला किंवा ज्यांनी त्यात फिटिंगची कामं केली, त्यांनी इथे लिहावं. घर किती छान झालं याच्या वर्णनापेक्षा मापं हवी आहेत, आणि नेमकं कुठे व का बिघडतं ते हवं आहे.

वास्तुविशारद:

एकच आराखडा आरशातल्यासारखा उलटवून दुसऱ्या घराला द्यायची पद्धत आहे. आतल्या मांडणीसाठी ती योग्यच आहे. सामाईक भिंतीच्या दोन्ही अंगांना सारख्याच वापराची खोली येते: जिन्याला जिना, बैठकीला बैठक. कुणाच्या उशाशी कुणाचं स्वयंपाकघर येत नाही. पण आराखडा उलटवला तरी ऊन उलटत नाही. रस्ता उत्तरेला असेल तर एका घराची मोकळी लांब बाजू पूर्वेला येते आणि दुसऱ्याची पश्चिमेला. पश्चिमेचं ऊन खालून तिरपं येतं, आडवा छज्जा ते अडवू शकत नाही. म्हणून उष्ण हवेत त्या घराच्या पश्चिम बाजूला न्हाणीघर, कोठीची खोली आणि कपाटांची भिंत घ्यावी, खिडक्या अरुंद ठेवाव्यात किंवा उभे पडदी-पट्टे द्यावेत. दोन्ही घरांच्या खिडक्या वेगवेगळ्या आखाव्या लागतात. हे काम टाळू नये.

दुसरा मुद्दा उजेडाचा. खिडकीची वरची कड जितकी उंच, त्याच्या साधारण दुप्पट ते अडीचपट अंतरापर्यंतच कामापुरता उजेड आत पोहोचतो. कड 2.1 मीटरवर असेल तर पाच मीटरच्या पुढे दिवसाही दिवा लागतो. तीच कड 2.4 वर नेली तर सहा मीटरपर्यंत निभावतं. सामाईक भिंतीलगतचा मधला पट्टा अंधाराच राहणार हे धरून चालावं आणि तिथे जिना, कोठी, कपाटं न्यावीत. जिन्यावर छतातून काचेचा झरोका दिला तर दोन्ही मजल्यांच्या मध्यात उजेड उतरतो.

स्ट्रक्चरल इंजिनिअर:

सामाईक भिंतीबद्दल. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली 230 मिमीची भरीव विटेची भिंत बोलण्याचा आवाज बऱ्यापैकी अडवते. पावलांचा धबधब आणि दार आपटल्याचा हादरा मात्र भिंतीतून कमी आणि स्लॅबमधून जास्त जातो. त्यावर खरा उपाय म्हणजे दोन स्वतंत्र भिंती, मध्ये किमान 50 मिमी फट, फटीत मिनरल वूल (खनिज तंतूंचा आवाज शोषणारा लगदा), आणि स्लॅबही त्याच रेषेत तोडलेला. बांधताना फटीत मसाला पडून साचला की दोन्ही भिंती पुन्हा जोडल्या जातात आणि केलेला खर्च वाया जातो. रोजच्या कामानंतर फट साफ होते ना, हे बघायला माणूस हवा.

ही भिंत छताच्या खालच्या अंगापर्यंत पूर्ण गेली पाहिजे. उतरत्या छताखालचा माळा दोन्ही घरांना मोकळा राहिला, तर आवाज आणि आग दोन्ही तिथून पलीकडे जातात. विजेचे बोर्ड या भिंतीवर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून घेऊ नका. किमान 600 मिमी सरकवा. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको.

जिने बसवणारा कंत्राटदार:

वर जिना सामाईक भिंतीलगत सांगितला आहे, त्याला एक अट जोडतो. पायऱ्या त्या भिंतीत रोवायच्या नाहीत. जिना स्वतःच्या बीमवर उभा करून भिंतीपासून 20-25 मिमी सुटा ठेवायचा आणि फट लवचिक सीलंटने बंद करायची. रोवलेल्या जिन्यावर धावणारी मुलं शेजारी मोठ्याने ऐकू येतात.

आता हिशोब. मजल्याची उंची फरशी ते फरशी 3000 मिमी धरली, तर 18 राइजर (पायरीची उभी उंची), प्रत्येकी 166.7. ट्रेड (पाऊल ठेवायची आडवी जागा) 270 घेतली की दोन राइजर अधिक एक ट्रेड मिळून 603 येतात. 600 ते 630 मध्ये चाल सहज पडते. सरळ जिन्याला 17 ट्रेडचे 4590 मिमी लागतात. डॉगलेगला, म्हणजे मध्यावर उलट वळणाऱ्या जिन्याला, नऊ-नऊ राइजरचे दोन टप्पे, म्हणजे आठ ट्रेडचे 2160 अधिक 900 लँडिंग (वळणावरचा सपाट भाग), एकूण 3060. रुंदी दोन टप्प्यांची 900-900 आणि मधली 100, म्हणजे 1900. चढून आल्यावर उभं राहायची जागा याशिवाय. नकाशात ती हमखास विसरली जाते.

डोक्यावरची मोकळी उंची 2.1 मीटर हवी. सरळ जिन्यात 150 मिमीच्या स्लॅबची खालची बाजू 2850 वर येते, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंतच स्लॅब वर चालतो. पाचव्या पायरीवर 2017 मिमीच उरतात, तेव्हा स्लॅबमधली मोकळीक त्याआधी सुरू झाली पाहिजे. डॉगलेगच्या लँडिंगखाली टॉयलेट दाखवलेले नकाशे पुष्कळ येतात. लँडिंग 1500 वर, त्यातून 150 स्लॅब गेला की 1350 उरतात. तिथे सामान ठेवता येतं, माणूस उभा राहू शकत नाही.

प्लंबर:

न्हाणीघरं एकावर एक घ्या, आणि डक्ट (पाइप नेणारी उभी पोकळी) मोकळ्या बाजूच्या भिंतीला. सामाईक भिंतीला डक्ट दिला तर इथला फ्लश तिथल्या झोपायच्या खोलीत ऐकू जातो. डक्ट निदान 600 × 900 मिमी हवा, आणि प्रत्येक मजल्यावर त्याला दार. पाना फिरवायला हात शिरला नाही तर दुरुस्तीला भिंत फोडावी लागते.

मैल्याची 110 मिमी लाइन 1:60 उताराने नेली, तर दहा मीटरमध्ये 167 मिमी खाली जाते. हा हिशोब जोत्याची पातळी ठरायच्या आधी करायचा. नंतर केला तर शेवटचं चेंबर बाहेरच्या मुख्य लाइनपेक्षा खाली जातं आणि पाणी उलटं येतं. दोन्ही घरांच्या लाइनी शेवटच्या चेंबरपर्यंत वेगळ्या ठेवा. तुंबलं की कुणाचं तुंबलं हे लगेच कळतं.

आतली मापं: कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किमान 400, समोर 600 मोकळे, शॉवरला 900 × 900. वीट ते वीट 1500 दाखवलेल्या न्हाणीघरात दोन्ही बाजूंचा गिलावा 12, चिकटद्रव्य 5 आणि टाइल 8 धरली की 1450 उरतात. काचेचं पार्टिशन किंवा तयार बेसिन-कपाट मागवताना हेच 50 मिमी नडतात.

फर्निचर आणि स्वयंपाकघराची कामं करणारी:

झोपायची खोली 3.0 × 3.6 मीटर लिहिली की सगळ्यांना पुरेशी वाटते. पलंग काढून बघा. 1800 × 2000 मिमीचा पलंग लांब भिंतीला डोकं करून ठेवला, तर पायाशी 1000 उरतात. तिथे 600 मिमी खोल कपाट लावलं की चालायला 400 राहतात, कपाटाचं दार उघडत नाही. कपाट आखूड भिंतीला घेतलं तर 600 कपाट, 600 वाट, 1800 पलंग, 600 वाट, बरोबर 3600. सरकती दारं लावली तर चालतं. पण हे माप गिलाव्यानंतरचं हवं, आणि खोलीचं दार त्या कपाटावर आपटायला नको.

समोरासमोर दोन ओटे हवे असतील तर गिलाव्यानंतरचं तयार माप 2400 लागतं: 600, मध्ये 1200, पुन्हा 600. मधली जागा 1000 केली तर ओव्हनचं खाली पडणारं दार उघडल्यावर उभं राहता येत नाही. फ्रिज कोपऱ्यात भिंतीला चिकटवू नका. 75-100 मिमी पट्टी सोडली नाही तर दार काटकोनापुढे जात नाही आणि आतले खण बाहेर निघत नाहीत.

वायरमन:

खिडक्या-दारांची बाजू पक्की झाल्याशिवाय बोर्ड दाखवू नका. दार उघडल्यावर बोर्ड दाराच्या पाठीमागे जाणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. चौकटीपासून 150-200 मिमी, फरशीपासून 1200 उंच, दाराच्या कडीच्या बाजूला. जिन्याला आणि पलंगाशी टू-वे, म्हणजे एकच दिवा दोन जागांहून चालवणारे स्विच. बाजूचा बोळ मीटरभरच असेल, तर एसीचं बाहेरचं यंत्र डोक्याच्या वर, 2.2 मीटरच्या पुढे लावायची जागा नकाशातच ठरवा, नाहीतर त्या बोळातून कपाट नेता येणार नाही.

साइट सुपरवायझर:

खोदाईआधी फक्कीने (चुन्याच्या पुडीने) पूर्ण मापाचं लाइनआऊट, म्हणजे भिंतींच्या रेषा, जमिनीवर मारा आणि त्यात दारं उघडून, पलंग आखून बघा. फक्कीत खोली लहान वाटते, भिंती उठल्यावर मोठी वाटते. म्हणून नजरेवर जाऊ नका, टेप लावा. आतल्या सर्व खोल्यांची आणि भिंतींची बेरीज बाहेरच्या मापाशी जुळते का ते आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषांत तपासा. मग कॉलम-बीमचा नकाशा त्याच्यावर ठेवा. बीम खिडकीच्या वरच्या कडेत उतरतो का, कॉलम कपाटाच्या जागेत 220 मिमी पुढे येतो का, डक्टमधून बीम आडवा जातो का, हे तीन प्रश्न सुटले की मगच खोदाईची सही करा.